दोषशोधनांतील दुभाषा

घड्याळजीकडे बंद पडलेलें घड्याळ नेलें, तर तो प्रथम त्याचें मागचें झाकण उघडतो, डोळ्याला भिंग लावतो, आणि कोणतें चाक अडलें, कोणती कमान तुटली, हें पाहून घेतो. त्याच्या कलेचें अर्धें रहस्य या पाहण्यांत आहे. परंतु कपडे धुण्याचें यंत्र, विजेचें मीटर, रक्तदाब मोजण्याचें उपकरण अशीं जीं साधनें आज घरोघर आहेत, त्यांच्या पोटांत नखाएवढी एक चिप असते, आणि ती आपलें सर्व काम जणूं मनांतल्या मनांत करीत असते. तिला झाकण नाहीं. आणि वरचें कवच फोडलें, तरी भिंगाखालीं कांहीं हलतांना दिसावयाचें नाहीं. तिच्यांत भरलेली आज्ञावली दर सेकंदास लाखों पावलें टाकते. त्यांतलें एखादें पाऊल चुकलें, कीं यंत्र थबकतें, किंवा त्याहून वाईट म्हणजे न थबकतां चुकीचा आंकडा दाखवितें. अशा वेळीं तज्ज्ञानें पाहावें तरी कोठें?

या अडचणीचें उत्तर चिपच्या पोटांतच करून ठेवावें, ही कल्पना 1985 सालीं स्थापन झालेल्या एका मंडळानें हातीं घेतली. जॉइंट टेस्ट अॅक्शन ग्रुप हें त्याचें नांव. त्या नांवावरूनच पुढें ‘जेटॅग’ हा शब्द रूढ झाला. त्या काळीं चिपांचे पाय इतके बारीक व दाट होऊं लागले होते कीं, सर्किट बोर्डावरील प्रत्येक जोड सुईनें स्पर्श करून तपासण्याची जुनी रीत अपुरी पडत चालली होती. म्हणून चिपच्या कांठानेंच परीक्षेची एक सांखळी ठेवावी आणि तिच्याशीं बोलण्यासाठीं चार तारा बाहेर काढाव्या, अशी योजना ठरली. 1990 सालीं ‘आय-ट्रिपल-ई’ या अभियंत्यांच्या संस्थेनें ती 1149.1 या क्रमांकाचें प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. चार तारांपैकीं पहिली ताल धरते, दुसरी कोणत्या अवस्थेंत जावयाचें तें सांगते, तिसरी माहिती आंत नेते आणि चौथी बाहेर आणते. आंतील नियंत्रकाच्या 16 अवस्था असतात. तो कोणत्याहि अवस्थेंत अडकलेला असो. दुसऱ्या तारेवर ‘एक’ ठेवून तालाचे 5 ठोके दिले, कीं तो मूळ पदावर येतो. पुढें चिप घडविणाऱ्यांनीं याच दारानें आंत शिरून प्रोसेसरला जागच्या जागीं थांबविणें, त्याची स्मृति वाचणें, त्याला एकेक पाऊल चालविणें, हीं कामेंहि करून घेतलीं. आर्म कंपनीनें नंतर हेंच काम दोन तारांवर आणलें. त्या रीतीला ‘सीरियल वायर डिबग’ असें नांव आहे.

दार झालें, पण दारापर्यंत जाण्याचा रस्ता अजून राहिला. तज्ज्ञ बसतो संगणकासमोर, आणि आजचा संगणक बाहेरच्या उपकरणांशीं बोलतो तो बहुधा यूएसबीच्या मार्गानें. यूएसबीची भाषा एक, चिपच्या तारांची भाषा दुसरी. म्हणून या दोहोंमध्यें आगपेटीएवढी एक डबी बसवितात. तिला अडॅप्टर म्हणतात. या डबीला काय करावयाचें तें सांगणारा जो लहानसा कार्यक्रम संगणकांत असतो, तो ड्रायव्हर. आणि दोषाचा तपास चालविणारा जो मोठा कार्यक्रम, तो डिबगर. डिबगरनें ड्रायव्हरला कोणत्या शब्दांत काम सांगावें, आणि ड्रायव्हरनें कोणत्या शब्दांत उत्तर द्यावें, याविषयीं दोघांत जो ठराव असतो, त्यालाच इंटरफेस म्हणतात. हा ठराव कसा असावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. डबी डोळ्यांना दिसते, चिप दिसते. ठराव दिसत नाहीं. तथापि तपासाचें यश पुष्कळदां त्याच्यावरच अवलंबून असतें.

ठरावाची गरज साध्या अंकगणितानें पटेल. समजा, 20 तऱ्हेच्या डब्या आहेत आणि 50 तऱ्हेच्या चिपा आहेत. प्रत्येक डबीसाठीं प्रत्येक चिपचें ज्ञान निराळें लिहावयाचें म्हटलें, तर 1,000 जोड्या होतात. मध्यें एक समाईक ठराव ठेवला, तर 20 ड्रायव्हर आणि चिपांचीं 50 वर्णनें, एकूण 70 लेखांत काम भागतें. उद्यां एकविसावी डबी बाजारांत आली, तर एकच लेख वाढतो आणि ती डबी पन्नासहि चिपांना तत्काळ उपयोगीं पडते. भिन्न भाषा बोलणाऱ्या दोन दरबारांमध्यें एक चांगला दुभाषा असावा, त्यांतलाच हा प्रकार आहे. मात्र दुभाष्याला किती अधिकार द्यावा, हें ठरविणें सोपें नसतें.

याचें एक बोधप्रद उदाहरण जर्मनींत घडलें. 2005 सालीं औग्सबुर्ग येथील उपयोजित शास्त्रांच्या विद्यापीठांत डोमिनिक राथ या विद्यार्थ्यानें पदवीच्या प्रबंधासाठीं ‘ओपन ऑन-चिप डिबगर’ नांवाचा कार्यक्रम रचला. ‘ओपनओसीडी’ या संक्षिप्त नांवानें तो ओळखला जातो. त्याचा मूळ लेख सर्वांना खुला ठेवल्यामुळें पुढें अनेक लोकांनीं त्यांत भर घातली, आणि आजहि तो वापरांत आहे. त्याचा जन्म एका संधिकालांत झाला, हें विशेष. तोंपर्यंत संगणकाच्या पाठीमागें प्रिंटर जोडण्याचा 25 खिळ्यांचा समांतर पोर्ट असे, आणि पुष्कळसे स्वस्त अडॅप्टर त्यालाच लावलेले असत. त्या पोर्टावरील एक तार वर करावयास किंवा खालीं आणावयास सुमारें एक मायक्रोसेकंद लागे. त्यामुळें ‘ताल खालीं, माहितीची तार वर, ताल वर, आतां बाहेर काय आलें तें वाच,’ असें एकेक हालचालीनें काम सांगण्यांत कांहींच वावगें नव्हतें. पण त्याच सुमारास हे पोर्ट नव्या संगणकांवरून नाहींसे होऊं लागले, आणि त्यांची जागा यूएसबीनें घेतली.

येथें एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. यूएसबी जुन्या पोर्टाहून पुष्कळ वेगवान. तरीहि जुन्या पद्धतीनें त्यावर काम केलें, तर तें वाढण्याऐवजीं मंदावतें. समांतर पोर्टाशीं बोलणें म्हणजे भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला हांक मारण्यासारखें होतें. यूएसबी ही टपालगाडी आहे. तिच्या साध्या गतीच्या प्रकारांत वाहतुकीची वांटणी दर एका मिलिसेकंदाच्या चौकटीनें होते. गाडींत एक पत्र टाकलें काय आणि पोतेंभर पत्रें टाकलीं काय, ती आपल्या वेळेवरच निघणार. आतां कोणी एक पत्र टाकून त्याचें उत्तर येईपर्यंत दुसरें टाकावयाचेंच नाहीं असा नेम धरला, तर काय होईल? हिशेबापुरता एका बिटाच्या उत्तरास केवळ एक मिलिसेकंद धरूं. 64 किलोबाइट स्मृतीचे 5,24,288 बिट होतात. म्हणजे तेवढी स्मृति वाचावयास 524 सेकंद, पावणेनऊ मिनिटांच्या आसपास लागतील. तेच बिट मोठमोठ्या गठ्ठ्यांनीं पाठविले आणि डबीनें चिपपाशीं एक मेगाहर्ट्झचा साधारण ताल धरला, तर नुसत्या बिटांच्या वहनास अर्धें सेकंद पुरे होतें. तीच तार, तीच चिप, तोच तज्ज्ञ. फरक आहे तो काम सांगण्याच्या रीतींत.

ओपनओसीडीच्या ठरावांत ड्रायव्हरला एकेक तार हालविण्याची आज्ञा होत नाहीं. वरचा कार्यक्रम कामांची यादी तयार करीत जातो: इतके बिट आंत सरकवावे, अमुक अवस्थेंत जावें, इतके ठोके द्यावे, येथें आलेले बिट राखून ठेवावे. यादी पुरी झाली, किंवा पुढें जावयास उत्तराची गरजच पडली, म्हणजे ‘आतां ही यादी पार पाडा’ असें ड्रायव्हरला सांगण्यांत येतें. यादी कशी पार पाडावी, हें ड्रायव्हरनें आपल्या डबीचा स्वभाव पाहून ठरवावयाचें. ग्लासगो येथील एफटीडीआय कंपनीच्या एफटी-2232 या चिपेंत असे बिटांचे गठ्ठे आपोआप सरकविणारें एक लहान यंत्र बसविलेलें आहे. तेव्हां तिचा ड्रायव्हर सबंध यादीचें तिच्या भाषेंत रूपांतर करून एकदम पाठवूं शकतो.

मग ज्या गरीब डबीला फक्त तारा वर-खालीं करणेंच साधतें, तिनें काय करावें? तिच्यासाठींहि ठरावांत सोय आहे. यादी घेऊन तिचें एकेक हालचालींत रूपांतर करणारा एक समाईक थर मध्यें ठेवलेला आहे, आणि गरीब डबीच्या ड्रायव्हरनें ‘तारा अशा ठेव’ व ‘तार वाच’ एवढीं दोन-तीन कामें पुरविलीं, कीं बाकीचें तो थर पाहून घेतो. जुने समांतर पोर्टाचे अडॅप्टर याच मार्गानें चालत असत, आणि रास्पबेरी पाय या लहान संगणकाच्या तारा वापरूनहि त्याच मार्गानें काम घेतां येतें. ठराव समर्थांच्या शक्तीप्रमाणें आंखावा, आणि दुर्बळांना वर चढावयास पायरी द्यावी, हें यांतलें शहाणपण आहे. उलट दुर्बळांच्या मापानें ठराव आंखला असता, तर समर्थांची शक्ति वायां गेली असती.

यादीच्या पद्धतींत एक धोका मात्र आहे, आणि तो ठराव लिहिणाऱ्यानें झाकून ठेवतां कामा नये. काम सांगितल्याबरोबर तें झालें असें नसतें. यादी पार पडण्यापूर्वींच उत्तराच्या जागेंत डोकावणाऱ्याला तेथें जुना कचरा सांपडेल. तसेंच चूक झाली, तर ती काम सांगतांना कळत नाहीं, यादी परत येते तेव्हां कळते. आणि तोंवर चुकीच्या मागें आणखी दहा कामें लागलेलीं असतात. म्हणून ‘यादी पार पाडा’ हें वाक्य ठरावांत स्पष्ट असावें, आणि त्याच्या उत्तरांत चूक कोठें झाली हेंहि यावें. आर्म कंपनीनें अडॅप्टरांसाठीं ‘सीमसिस-डॅप’ नांवाची जी प्रमाण भाषा ठरविली आहे, तिच्यांत ही गोष्ट चांगली साधली आहे. अनेक व्यवहार एका गठ्ठ्यांत पाठविले, तर डबीच्या उत्तरांत प्रथम किती व्यवहार झाले तें येतें, मग शेवटच्या व्यवहाराला चिपनें काय म्हटलें तें येतें, आणि त्यानंतर माहिती येते. पंधरांपैकीं नऊ झाले आणि तेथें अडलें, हें कळलें म्हणजे तपास कोठून पुढें न्यावयाचा तेंहि कळतें.

दुभाष्याला फार थोडा अधिकार दिल्यानें जशी हानि होते, तशी फार मोठा अधिकार दिल्यानेंहि होते. ‘प्रोसेसर थांबव’, ‘स्मृतींतील अमुक जागा वाच’, अशीं भरदार वाक्यें डबीलाच शिकविलीं, तर काम सुटसुटीत दिसतें खरें. परंतु मग चिपविषयींचें सर्व ज्ञान डबीच्या पोटांत जाऊन बसतें. डबी घडविणाऱ्याला जें सुचलें नव्हतें, तें तिला विचारतांच येत नाहीं. एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या ‘एसटी-लिंक’ या अडॅप्टराची मूळची भाषा अशाच भरदार वाक्यांची होती, आणि ओपनओसीडीला त्यासाठीं ‘उच्चस्तरीय अडॅप्टर’ असा निराळाच मार्ग आंखावा लागला. त्या मार्गानें साधें काम उत्तम होई. पण चिपच्या अंतर्भागाशीं थेट बोलावयाचें असल्यास वाट बंद असे. पुढें त्या डबीच्या आंतील आज्ञावलींतच थेट व्यवहाराची सोय झाली, आणि ओपनओसीडीनेंहि तिच्यासाठीं तसा मार्ग उघडला. तार हालविणें फार खालचें, प्रोसेसर थांबविणें फार वरचें. ठरावाची रेघ या दोहोंच्या मध्यें, बिटांच्या गठ्ठ्यावर किंवा चिपशीं होणाऱ्या एकेका व्यवहारावर ओढलेली बरी, असा या अनुभवाचा निष्कर्ष आहे.

आतां वेगाचा प्रश्न. तज्ज्ञ सांगतो, ताल 8 मेगाहर्ट्झचा ठेवा. पण एफटी-2232-एच या चिपेंत 30 मेगाहर्ट्झला पूर्णांकानें भागून जे येतील तेवढेच ताल मिळतात: 30, 15, 10, 7.5 असे. नेमका 8 तिच्याजवळ नाहीं. अशा वेळीं ड्रायव्हरनें जवळचा खालचा ताल, म्हणजे 7.5 घ्यावा, 10 कधींहि घेऊं नये, कारण मागणाऱ्यानें 8 ही मर्यादा चिपची सहनशक्ति पाहून घातलेली असते. आणि त्याहून महत्त्वाचें हें कीं, मिळालेला ताल 7.5 आहे, हें त्यानें परत कळवावें. म्हणून चांगल्या ठरावांत वेगाविषयीं एक आज्ञा पुरत नाहीं. ‘इतका द्या’ या वाक्याबरोबर ‘खरोखर किती दिला?’ हाहि प्रश्न लागतो. सीमसिस-डॅपमध्यें तर डबीलाच प्रथम विचारतां येतें कीं, एका गठ्ठ्यांत किती बाइट मावतात, एका वेळीं किती गठ्ठे सांभाळतां येतात, दोन तारांचें काम येतें कीं चार तारांचें. ज्याचें सामर्थ्य आपण जाणत नाहीं, त्याच्यावर काम लादण्यापूर्वीं त्याला विचारून घेणें, हा व्यवहारांतला साधा शिष्टाचारच येथें उपयोगीं पडतो.

परंतु दुभाष्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे सत्यवादित्व. दोन तारांच्या रीतींत प्रत्येक मागणीला चिप तीन बिटांचें उत्तर देते. त्याचे अर्थ तीनच: ‘ठीक’, ‘थांबा’ आणि ‘दोष’. ‘थांबा’ याचा अर्थ आंतला मार्ग गुंतलेला आहे, पुन्हां विचारा. ‘दोष’ याचा अर्थ मागणींतच किंवा मागील व्यवहारांत कांहीं बिघडलें आहे; तें निस्तरल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आणि तार निसटलेली असली, तर बहुधा तिन्ही बिट ‘एक’ येतात, जें या तिघांपैकीं कोणतेंच उत्तर नाहीं. चार तारांच्या रीतींतहि असेंच आहे. चिपची ओळख सांगणारा क्रमांक 32 बिटांचा असतो, आणि त्याचा शेवटचा बिट नेहमीं ‘एक’ असतो. म्हणून सर्व शून्यें आलीं, तर ती ओळख नव्हे. सर्व ‘एक’ असलेला क्रमांकहि कोणत्याच चिपला दिला जात नाहीं. अर्थात् या दोन्ही उत्तरांचा अर्थ एकच: बहुधा तार जोडलेली नाहीं, किंवा चिपला वीज मिळत नाहीं.

या चार गोष्टींचा भेद ड्रायव्हरनें जसाच्या तसा वर पोंचविला पाहिजे. एखादा ड्रायव्हर अपयश झाकण्यासाठीं स्मृतींत शून्य आहे असें सांगून मोकळा झाला, तर तें शून्य खरें मानून तज्ज्ञ आपल्या आज्ञावलींत नसलेला दोष हुडकीत बसतो. त्याचे दिवस जातात, झोप जाते. आणि शेवटीं निघतें काय, तर सैल झालेली एक तार. यंत्र बंद पडल्यानें जितकी हानि होत नाहीं, तितकी खोट्या साक्षीनें होते. ‘थांबा’ या उत्तरावर पुन्हां पुन्हां विचारण्याचें कंटाळवाणें काम डबीनें करावें, हें योग्यच. कारण प्रत्येक वेळीं टपालगाडीनें संगणकापर्यंत येऊन जाणें परवडत नाहीं. पण तिनें किती वेळां विचारावें, याचा आंकडा वरून ठरवून द्यावयाचा असतो. सीमसिस-डॅपची रीत अशीच आहे. श्रम दुभाष्याचे, निर्णय धन्याचा.

ठरावांत काय घालावें याइतकेंच काय घालूं नये हेंहि महत्त्वाचें आहे. एफटी-2232 हीच चिप घेऊन निरनिराळे कारागीर निरनिराळ्या डब्या बनवितात. कोणी दिवा या पायाला लावतो, कोणी चिपला पुनरारंभ करविण्याची तार त्या पायाला जोडतो. ओपनओसीडीच्या आरंभीच्या ड्रायव्हरमध्यें या प्रत्येक डबीची जोडणी मूळ लेखांतच लिहिलेली असे. नवी डबी निघाली, कीं मूळ लेख उघडावा, त्यांत कलम घालावें आणि सर्व कार्यक्रम पुन्हां बांधावा, असा खटाटोप होई. पुढें त्याच्या जागीं जो नवा ड्रायव्हर आला, त्यांत ही जोडणी बाहेरच्या एका साध्या लेखी पत्रकांत नेली. आतां नव्या डबीसाठीं चार-सहा ओळींचें पत्रक पुरतें. जें डबीगणिक बदलतें, तें पत्रकांत. जें सर्वांस समान, तें ड्रायव्हरमध्यें. आणि जें चिपचें आहे, तें दोघांच्याहि वर. ज्याची जागा त्याला दिली, म्हणजे एकाच्या बदलानें दुसऱ्याला धक्का बसत नाहीं.

ठराव चोख आहे कीं नाहीं, याची एक कसोटी आहे. डबी नसतांनाहि तो पाळतां आला पाहिजे. ओपनओसीडीमध्यें ‘डमी’ नांवाचा एक ड्रायव्हर आहे. त्याच्या खालीं कोणतेंच यंत्र नाहीं, केवळ ठरावाची परीक्षा घेण्यासाठीं तो ठेवलेला आहे. दुसरा एक ड्रायव्हर तारांच्या हालचाली एकेका अक्षरानें दूरच्या कार्यक्रमाकडे पाठवितो: 0 पासून 7 पर्यंतचा एक आंकडा म्हणजे तीन तारांची एक स्थिति, आणि ‘आर’ हें अक्षर म्हणजे ‘चौथी तार वाचा’. पलीकडे खरी चिप असण्याची गरज नाहीं. जी चिप अजून कारखान्यांत घडलेली नाहीं, केवळ संगणकांत कल्पिलेली आहे, तिचा तपासहि याच दारानें करतां येतो. ‘रिस्क-फाइव्ह’ जातीच्या प्रोसेसरांचें अनुकरण करणारा ‘स्पाइक’ नांवाचा कार्यक्रम ही अक्षरांची भाषा समजतो. अशा रीतीनें चिप घडण्याआधींच तिच्या दोषशोधनाची तालीम होते.

या सर्वांत सामान्य गृहस्थाचा संबंध कोठें येतो, असें कोणी विचारील. रक्तदाबाचें उपकरण चुकीचा आंकडा दाखवीत असेल, तर तो दोष कोणीतरी, कोठेंतरी, अशाच एका डबीच्या मदतीनें हुडकलेला असतो. ती डबी बनविणारा कारखाना कदाचित् उद्यां राहणार नाहीं. ज्या पोर्टाला ती लागते, तो पोर्टहि राहणार नाहीं. समांतर पोर्टाची गत सर्वांनीं पाहिली आहे. त्याला जोडलेल्या डब्या अडगळींत गेल्या. परंतु त्यांच्या वर बसलेल्या कार्यक्रमांतील चिपांचें ज्ञान अडगळींत गेलें नाहीं, कारण तें डब्यांच्या हवालीं केलेलें नव्हतें. डबी बदलली, एक ड्रायव्हर नवा लिहिला, आणि वीस वर्षांपूर्वींच्या चिपेचा तपास आजच्या संगणकावरून पूर्ववत् सुरू झाला. ठराव नीट लिहिणाऱ्याचें नांव बहुधा कोणाला ठाऊक नसतें. पण जुनें यंत्र फेंकून न देतां दुरुस्त करतां आलें, तर त्याचें थोडें श्रेय या अज्ञात लेखकाच्या पदरांत अवश्य घालावें.